उलटं धरलेलं वल्हं

गजू, तुझ्या तेरवीच्या दिवशी मी वल्हं उलटं धरलं.

पहिली पंगत उठली होती, दुसरी जेवत होती. आपल्या नंदनवनच्या घराचा हॉल माणसांनी भरलेला, आणि उमरेडचे मामा तुझ्या फोटोकडे बघत मोठ्यानं विचारून राहिले होते, "पण हे पोट्टं नेमकं करे काय गा समुद्रात?" एकोणपन्नास वर्षांचा होऊन गेलास, तरी मामांसाठी पोट्टंच. मग घरातला बोलका माणूस म्हणून मी उठलो. फोटोमागं भिंतीला टेकवलेलं तुझं वल्हं उचललं, सतरंजीवर पाय फाकवले, गुडघे जरा वाकवले आणि नागपूरच्या लोकांना समुद्र दाखवायला लागलो. लाट अशी मागून येते, आपण असे उभेच असतो, असं एकदा, दोनदा पाणी मारायचं, की लाट आपल्याला उचलते. मामा तोंड उघडं टाकून बघत होते. मला चेव चढला. मी एक पाय मागं टाकून वळणसुद्धा घेतलं.

तेवढ्यात पंगतीतून सेल्वम उठला. तुझा हा कोळी मित्र तुझ्यासाठी चेन्नईहून गाडीत बसून आला होता, आणि सकाळपासून दोन शब्द बोलला नव्हता. उजवा हात वरणभातानं भरलेला, म्हणून डाव्या हातानं त्यानं माझ्या मुठीतलं वल्हं धरलं, गर्रकन अर्धं फिरवलं, आणि परत जाऊन पानावर बसला.

मावशी माझ्या कानाशी आली, "त्यांच्यात तेरवीले असं फिरवतात का जी?"

"हो," मी म्हटलं. "फिरवतात."

खोटं बोलणं मला असं सहज जमतं. त्याबद्दलच तुला लिहायला बसलोय, पण हात तिकडं जायला तयार नाही, म्हणून आधी वल्ह्याचंच सांगतो.

त्या वल्ह्याचं पातं दांड्याशी सरळ नसतं, किंचित वाकलेलं असतं. कुठल्याही शहाण्या माणसाला वाटतं की वाकलेली बाजू आपल्याकडे हवी, पळीसारखी, म्हणजे पाणी ओढता येईल. तू म्हणायचास, नाही, वाक पुढं पाहिजे. मी म्हणायचो, अरे, पळी उलटी धरून कोणी वरण वाढतं का? तू म्हणायचास, "दादा, समुद्र म्हणजे वरण नाही गा." हा वाद आपला फोनवर पाच-सहा वर्षं चालला. तू कारणही सांगायचास, पातं पाण्यात सरळ कसं उतरतं ते, पण मला कारण नको होतं, जिंकायचं होतं. आता वाद संपला. तुझ्याच माणसानं भर पंगतीत निकाल दिला. बरोबर तू होतास. हे तुला सांगायचं राहिलं, आणि राहिलेल्यांपैकी हे सगळ्यात हलकं आहे.

आपण हातमागवाल्यांची पोरं. बाबा मागाच्या खड्ड्यात पाय सोडून दिवसभर विणायचे, आणि त्यांच्या मते घरातल्या दोघांपैकी एकानं तरी मागावर बसायला हवं होतं. मी साड्या विकायला लागलो, विणायला नाही. तू चेन्नईला कारखान्यात नोकरी धरलीस आणि पहिल्याच वर्षी समुद्राकाठच्या त्या कोळ्यांच्या गावात खोली घेतलीस. मग पत्र आलं की तू एका फळीवर पोटावर झोपून लाटांमध्ये जातोस आणि लाट आली की टुणकन उभा राहतोस. बाबांनी ते पत्र दोनदा वाचायला लावलं. मग म्हणाले, "उभंच राहायचं आहे तर जमिनीवर काय वाईट आहे?"

वीस वर्षं तू ती छोटी फळी चालवलीस. सहा फुटांची, पातळ, टोकदार. मी तिला पाट म्हणायचो. "जेवायला बसायचा पाट घेऊन समुद्रात जातो आमचा भाऊ," हे वाक्य मी लग्नांत, बारशांत, दुकानात गिऱ्हाइकांसमोर इतक्यांदा म्हटलं की त्याच्या जिवावर मी विनोदी माणूस म्हणून ओळखला जातो. तू लग्न केलं नाहीस, त्याचं खापरही मी त्या पाटावरच फोडलं.

मग तुझा खांदा गेला. पोटावर झोपून हातांनी पाणी मारत मारत खांद्याची वाटी झिजली. लाट यायची, तू दोन हात टेकवायचास, आणि उठेपर्यंत ती पुढं निघून गेलेली असायची. हे तू मला कधी सांगितलं नाहीस. तू एवढंच म्हणालास, "दादा, मी बोर्ड बदलला." त्या वर्षी तुझ्या वहिनीला, वंदनाला घेऊन मी पहिल्यांदा तुझ्याकडे आलो. आणि शेवटचंच.

ती सकाळ मला आठवते. नवी फळी नऊ फुटांहून लांब होती आणि दारासारखी रुंद. तिच्यावर सुरुवातीपासून उभंच राहायचं, हातात वल्हं, घोट्याला दोरी. वीस वर्षं लाटांत मुरलेला गडी तू, आणि पहिल्या फेसातच आडवा झालास. उठलास, पुन्हा आडवा. छोट्या फळीनं तू लाटेखालून बुडी मारून पलीकडे निघायचास, ही मोठी बुडतच नव्हती. प्रत्येक पांढरी लाट तिला उचलून तुझ्या अंगावर आणत होती. किनाऱ्यावर कोळ्यांची तरणी पोरं 'अंकल, अंकल' करून हसत होती. मी पण हसलो गजू. मी त्यांच्यापेक्षा जोरात हसलो. वंदना म्हणाली, "तुम्ही काहून हसून राहिले जी? तो पुन्हा पहिल्यापासून शिकून राहिला असं दिसते ना ते."

सेल्वम वाळूत जाळं दुरुस्त करत बसला होता. तू धापा टाकत बाहेर आलास तेव्हा तो त्याच्या मोडक्या हिंदीत बोलला, "बीस साल पेट पे सोया. अब खड़ा हुआ. मेरा दादा, बाप का बाप, ऐसे ही जाता था." आणि त्यानं दूर बोट दाखवलं. तिथं दोरीनं बांधलेल्या तीन-चार ओंडक्यांवर उभा राहून एक म्हातारा वल्हं मारत मासे धरायला निघाला होता, जसं काही कोपऱ्यावर भाजी आणायला चाललाय. तू त्याच्याकडे खूप वेळ बघत राहिलास.

संध्याकाळी मी विचारलं, "मग, बरं काय आहे याच्यात?"

तू म्हणालास, "झोपलेला असलो का मले अंगावर आलेलीच लाट दिसे. आता उभा राहतो तर दुरूनच दिसते. तिथं, त्या रेषेपाशी उठते ना, तेव्हाच. मंग ठरवायले टाइम भेटते. घ्यायची, का सोडायची, का बाजूले व्हायचं." थोडं थांबून म्हणालास, "वेग नाही रायला गा दादा. पण टाइम आहे."

त्या वेळी मी काहीतरी फालतू बोललो. म्हातारपणाची काठी म्हणालो वाटतं त्या वल्ह्याला. पण तुझं ते बोलणं माझ्याजवळ राहिलं, आणि त्याच्यामुळंच मी आज स्वतःला कुठंही लपवू शकत नाही.

यंदा दिवाळीला तू हवा भरायचा बोर्ड घेऊन आलास. गुंडाळला तर पिशवीत मावणारा. "यंदा तुले उभा करतोच," म्हणालास. भाऊबीज झाल्यावर आपण उमरेडच्या पुढं मामांच्या गावच्या तलावावर गेलो. अर्धं गाव काठावर. मी आधी गुडघ्यांवर बसलो, वल्हं उलटं धरलं, तू ओरडलास, मी सरळ धरलं, मग पुन्हा उलटं. उभा राहायला गेलो आणि पडलो. चार वेळा पडलो. तू गुडघाभर पाण्यात बोर्ड धरून म्हणत होतास, "पायाकडं नको पाहू दादा. पाय त्यायचं काम करतात. दूर पाहा, त्या झाडाकडं पाहा." बाबा मागावर बसवायचे तेव्हा हेच म्हणायचे, आठवतं? पायाकडं पाहू नको. पाचव्यांदा मी झाडाकडं बघितलं आणि उभा राहिलो. तू मोजून अकरा आकडे म्हणालास. अकरा, मग धबाक. त्या अकराबद्दल तुझे आभार मी कधी मानले नाहीत. चौपन्न वर्षांच्या, सुटलेल्या पोटाच्या माणसाला पाण्यावर चालवलंस तू.

मी पाण्यातून बाहेर आलो तेव्हा तू काठावर बसून पोट दाबत होतास. मी म्हटलं, रात्रीचा सावजी रस्सा बाधला. तुला दुसऱ्या दिवशीही दुखलं, मी पुन्हा रश्शाचंच नाव घेतलं. आपल्याच घरचा मसाला, पण आठवडाभर सगळं त्याच्यावर ढकललं. मग तपासण्या झाल्या.

डॉक्टरांनी आधी मला आत बोलावलं, एकट्याला. मोठा भाऊ म्हणून. आपल्याकडे असंच करतात, पेशंटला बाहेर बसवतात आणि त्याचं मरण दुसऱ्याच्या हातात देतात. मलाही ते अगदी बरोबर वाटलं होतं, उलट मान दिल्यासारखं वाटलं होतं. डॉक्टर म्हणाले, स्वादुपिंडाचा कॅन्सर आहे, पसरलाय, उपचारांनी फार काही होणार नाही. सहा महिने धरा. मग म्हणाले, "पहिले दोन महिने ते हिंडतील-फिरतील. त्यांना जे करायचं असेल ते या दोन महिन्यांत करू द्या."

मी बाहेर आलो. तू बाकावर बसून मोबाइलवर लाटा बघत होतास.

"काय म्हणते डॉक्टर?"

"पित्ताशयाले सूज आहे. पथ्य सांगितलं."

"बस?"

"बस."

"मी उगीच घाबरून राहिलो होतो गा," म्हणालास, आणि हसलास. तुझा चेहरा एकदम मोकळा झाला. त्या चेहऱ्यासाठी बोललो मी, असं मी स्वतःला सांगत आलो. पण खरं सांगू का, तुझा दुसरा चेहरा बघायची माझ्यात हिंमत नव्हती. एवढंच होतं ते.

त्याच आठवड्यात तू विचारलंस, "दादा, दोन दिवस जाऊन येऊ का? ट्रेन सीधी आहे. चार लाटा घेतो अन् येतो." मी म्हटलं, सूज उतरू दे. पंधरा दिवसांनी पुन्हा विचारलंस. म्हणालास, पोंगलच्या, म्हणजे आपल्या संक्रांतीच्या सुमाराला तिथलं पाणी निवळतं, लाटा एका रेषेत येतात, तेव्हा तरी. मी म्हटलं, सूज उतरू दे. मला भीती होती की तिथं तुला काही झालं तर? तिथं कोणी दुसऱ्या डॉक्टरनं सांगून टाकलं तर? तुझ्या चार लाटा मी अशा राखून ठेवल्या, सूज उतरल्यावर घ्यायला.

वंदना स्वयंपाकघरात रोज भांडत होती. आवाज दाबून.

"सांगून द्या ना त्याले. त्याचं आयुष्य आहे ते, तुमचं नाही."

"खचून जाईल तो."

"खचले तुम्ही. त्याचं नाव काहून घेता?"

मी तिला माझी शपथ घातली. तिनं ती पाळली, आणि तुझ्यासाठी मुगाची खिचडी करत राहिली. तिनं शपथ मोडली असती तर, असं हल्ली माझ्या मनात येतं. म्हणजे अजूनही मी दुसऱ्यावर ढकलायला जागा शोधतोय. आधी रस्सा, आता वंदना.

डिसेंबरभर तू सकाळी गच्चीवर जायचास. बोर्डात हवा भरायची, तो उन्हात टाकायचा, आणि त्यावर वल्हं घेऊन उभं राहायचं. पायांनी तोल विसरू नये म्हणून. शेजारचे काका त्यांच्या गच्चीवरून विचारायचे, "काय गजूभाऊ, पाणी कुठं आहे?"

"येऊन राहिलं, काका!"

मी जिन्यात उभा राहून ऐकायचो. रोज वाटायचं आज सांगू. आधी तू अर्धा तास उभा राहायचास. मग दहा मिनिटं. एक दिवस वर आलो तर तू बोर्डावर बसलेला होतास, वल्हं मांडीवर आडवं. पांढऱ्या बनियनमध्ये तुझी मान केवढीशी दिसत होती. म्हणालास, "सूज भारी आहे गा दादा."

तेव्हाही मी हो म्हणालो.

डोळे पिवळे झाले, तुला पलंगावरून उठवायला दोन माणसं लागायला लागली, तेव्हा मी सांगितलं. सांगितलं म्हणजे काय, रडलो, आणि त्यात ते शब्द येऊन गेले. तू छताकडं बघितलंस. "हं," म्हणालास. मग विचारलंस, "कधी कळलं?"

आणि मी म्हटलं, "आजच."

तू माझ्या डोक्यावर हात ठेवलास. धाकटा असून.

तू गेल्यापासून तेरवीपर्यंत मी एका गोष्टीवर तग धरून होतो. मी स्वतःला पटवलं होतं की तुला माहीत होतं. तुला, दुरून लाट ओळखणाऱ्या माणसाला, एवढी मोठी कळली नसेल का? तू माझं मन राखायला सूज सूज म्हणत राहिलास. ते 'हं' म्हणजे दुसरं काय? हे मी इतकं घोटलं की त्याचा एक छान किस्सा तयार झाला होता. दोन पाहुण्यांना सांगितलाही. त्यांचे डोळे भरून आले.

तेरवीच्या दुपारी सेल्वम निघायच्या आधी मी त्याला गच्चीवर नेलं. तुझा बोर्ड गुंडाळून पिशवीत भरला, दोरी, हवेचा पंप, वल्हं, सगळं त्याला दिलं. इथं ठेवून काय करणार होतो मी? मग विचारलं, "सेल्वम, उसको पहले से मालूम था ना?"

त्यानं माझ्याकडं बघितलं. कसलाही आडपडदा न ठेवता मान हलवली.

"नहीं. मैं बोला, गजू, इधर आओ, दूसरा डॉक्टर दिखाओ. गजू बोला, रिपोर्ट भाई ने देखा है. भाई बोला सूजन, तो सूजन."

तो बोलत राहिला. त्याला वाटलं असावं की भावाला हे ऐकून बरं वाटेल.

"लास्ट में फ़ोन किया. बहुत धीरे बोला. सेल्वम, आज मालूम पड़ा. मेरे भाई को भी आज ही मालूम पड़ा. वो बहुत रोया. उसको कौन सँभालेगा?"

मग त्यानं पिशवी खांद्याला लावली, वल्हं हातात घेतलं आणि जिना उतरला. मी स्टेशनवर सोडायला जायला हवं होतं. नाही गेलो.

गजू, क्षमा मागायची तर ती ऐकायला माणूस लागतो. हे मी कागदावर लिहून राहिलो आणि मला नीट माहीत आहे की हे कुठंच जात नाही. तू त्या छोट्या फळीवरून उठून मोठीवर आलास ते दुरून दिसावं म्हणून, ठरवायला वेळ मिळावा म्हणून. तुझ्याजवळ दोन महिने होते. मी तुला पुन्हा पालथा झोपवला, तोंड खाली करून, आणि वर बसून राहिलो. यातून काही शिकलो असं म्हणायचीही सोय नाही. शिकून वापरायचं कोणावर?

खाली आलो तेव्हा पाहुणे गेले होते. हॉलमध्ये वंदना एकटीच सतरंजी झाडत होती. मी दुसरं टोक धरलं. घडी घालता घालता सेल्वम जे बोलला ते मी तिला सगळं सांगितलं, काही न गाळता. बऱ्याच महिन्यांत पहिल्यांदा काही न गाळता. ती ऐकत होती. घडी लहान होत गेली तशी ती जवळ येत गेली. शेवटच्या घडीला तिनं माझ्या हातातलं टोक घेतलं, सतरंजी छातीशी धरली, आणि म्हणाली,

"माह्यं काही निघालं, तर मले त्याच दिवशी सांगजा."